एकशे नव्वद डॉलरचं पिस्तूल

"चापाला मी हात नाही लावला!" रीटा मे किंचाळली. "मिस ओपल, देवाशपथ सांगते, नाही लावला!"

ओपल टॅकेटनं ते डोळ्यांनी पाहिलंच होतं. पिस्तूल फळीवरून घसरलं, खालच्या दगडावर आपटलं आणि आपटता क्षणीच उडालं.

"जिथं आहात तिथंच उभ्या राहा! कुणी वाकायचं नाही, कुणी काही उचलायचं नाही," ओपल गरजली. एकतीस वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर शाळेची बस चालवलेल्या बाईचा आवाज होता तो. नेमबाजी शिकायला आलेल्या अकराही बाया खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. ओपलनं एकेकीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. रक्त कुठंच नव्हतं. गोळी सापडली ती विल्माच्या जेवणाच्या पेटीत. बटाट्याचं सॅलड भेदून ती पेटीच्या तळाशी जाऊन बसली होती. विल्माचा गुडघा तिथून वीतभर अंतरावर होता.

"सॅलडचं जाऊ दे," विल्मा कशीबशी म्हणाली, "तसंही त्यात मीठ जास्तच झालं होतं." मग ती रडायला लागली.

ओपलनं पिस्तूल रिकामं केलं. ते तिच्या ओळखीचं होतं. तुर्कस्तानातून आलेलं, दुकानात एकशे नव्वद डॉलरला मिळणारं. केंटकीच्या त्या खोऱ्यात सगळे त्याला 'एकशेनव्वदवालं' म्हणत, आणि ते नाव पसरवण्यात ओपलचाच हात होता. नेमबाजांच्या एका छोट्या मासिकात गेली सात वर्षं तिचं एक पान असे. सहाशे डॉलरची हत्यारं तपासणारे ढीगभर पुरुष होते. ओपल स्वस्तातली तपासायची, कारण बंद पडलेल्या खाणीच्या आवारात दर शनिवारी तिच्याकडे शिकायला येणाऱ्या बायांना तेवढंच परवडत होतं. दोन महिन्यांपूर्वी आयात करणाऱ्या कंपनीनं तिला हे पिस्तूल नमुना म्हणून पाठवलं. तिनं पाचशे गोळ्या झाडल्या. पहिल्या पन्नासात तीनदा अडकलं, पुढं एकदाही नाही. 'चाप जरा जड, पण नेम सरळ. या किमतीत याहून चांगलं मिळायचं नाही,' असं तिनं लिहिलं होतं.

रीटा मे वृद्धाश्रमात मदतनीस होती. सोडून दिलेला नवरा दोनदा तिच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला होता. कोर्टाचा मनाईहुकूम तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असे, पण कागदाला काही हातपाय नसतात.

"तुम्ही लिहिलं होतं ना," रीटा मे नाक पुसत म्हणाली, "म्हणून मी हेच घेतलं."

तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. नुसतं सांगितलं तिनं. ओपलला तेच जिव्हारी लागलं.

"हे आज माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "आणि हे धर." तिनं कमरेचं स्वतःचं जुनं रिव्हॉल्व्हर काढून रिकामं केलं आणि रीटा मेच्या हातात दिलं.

"मग तुमच्याकडे काय राहिलं?"

"माझ्याकडे क्लेटन आहे."

"त्यांना तर चार पावलं धावताही येत नाही, मिस ओपल."

"म्हणून तर घर सोडून जात नाही."

तिच्या नवऱ्याची, क्लेटन टॅकेटची, फुप्फुसं खाणीतल्या कोळशानं खाल्ली होती. त्या संध्याकाळी नाकात प्राणवायूची नळी घालून तो घरामागच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि वहीत रेघा ओढू लागला. ओपलनं सिमेंटवर रबराची जाड चटई अंथरली. काडतुसात ना गोळी ठेवली ना दारू, तळाशी फक्त ठिणगी पाडणारी टोपी ठेवली. उडालीच तर फट् करून वाजेल, एवढंच. आधी तिनं आपला नमुना छातीच्या उंचीवरून सोडला. वीस वेळा सोडला. एकदाही वाजला नाही.

मग रीटा मेचं. पहिल्यांदा गप्प, दुसऱ्यांदा गप्प, तिसऱ्यांदा गप्प. चौथ्यांदा फट्. नवव्यांदा फट्. पंधराव्यांदा पुन्हा फट्.

"तीन झाले," क्लेटन म्हणाला. "पुरे की आता."

"वीस म्हणजे वीस."

दोन्ही पिस्तुलं खोलून तिनं पुसलेल्या फडक्यावर शेजारी शेजारी मांडली. टोपीवर आदळणारी आतली सुई चाप ओढल्याशिवाय पुढं येऊ नये म्हणून एक बोटाच्या पेराएवढा खिट्टा असतो. नमुन्यातला खिट्टा कुणीतरी हातानं घासून, पॉलिश करून बसवला होता. रीटा मेच्या पिस्तुलातला खरबरीत होता. वर जायचा आणि तिथंच अडकून बसायचा.

क्लेटननं भिंग धरून दोन्ही पाहिले. "तुला पाठवलेलं नटवून पाठवलं होतं."

"पाठवणारच की. विकायला बसलेत ते," ओपल म्हणाली. "दुकानातून एक विकत आणून बघायला मला कुणी अडवलं होतं? आपटून बघायला कुणी अडवलं होतं?"

"अगं, पाचशे गोळ्या झाडल्यास तू."

"सरळ उभं राहून, दोन्ही हातांनी धरून झाडल्या. पिस्तूल हातातून पडतं कधी? घाबरल्यावर. मी घाबरून बघितलंच नाही, क्लेटन."

तिनं नवं पान लिहिलं. पहिलंच वाक्य होतं: 'दोन महिन्यांपूर्वी मी चुकले.' पुढं वीस आणि वीसचा हिशेब, खिट्ट्याचे फोटो आणि शेवटी एक ओळ: 'ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी ते भरून ठेवू नये.'

तिसऱ्या दिवशी संपादक प्रॅटरचा फोन आला. वयानं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. बोलणं नेहमी लोण्यात बुडवलेलं.

"ओपलबाई, मजकूर मस्तच झालाय. पण जरा थांबू या का? कंपनी म्हणते, वापरणाऱ्याची चूक असेल."

"पिस्तूल पडलं, ही वापरणाऱ्याची चूक. उडालं, ती त्यांची."

"एकाच पिस्तुलावरून असं म्हणणं बरं नाही. तुम्ही असं लिहा ना, 'काळजीपूर्वक हाताळावं.' अर्थ तोच निघतो."

"प्रॅटर, एकोणतीस पोरं माझ्या बसमध्ये बसलीत आणि ब्रेक लागत नाही हे मला ठाऊक आहे. तर मी काय दारावर 'सावकाश चढा' अशी पाटी लावू?"

तो हसला, पण एकटाच. "मागच्या पानाची जाहिरात वर्षभर त्यांचीच आहे हो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

"मग माझं पानही त्यांनाच दे. माझं नाव तेवढं काढ वरून."

"असं तोडून नका बोलू. आणि तुम्ही हे बाहेर कुठं वाटलंत, तर त्यांचे वकील..."

"पत्ता देऊन टाक त्यांना. चर्चनंतरचा फाटा चुकला तर थेट ओढ्यात जातात लोक, तेही सांग."

फोन ठेवल्यावर तिनं मजकुराचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

ग्रंथालयात जाऊन तिनं पानाच्या दोनशे प्रती काढल्या. गावात बंदुकीचं दुकान एकच, डॉइलचं. रीटा मेचं सोडून त्यानं तसली चौदा पिस्तुलं विकली होती, सहा अजून मांडणीवर होती.

"घेणाऱ्यांची नावं मी देणार नाही," डॉइल म्हणाला. "उरलेली सहाही माझ्या उरावर बसवणार आहेस का? आणि हे घडलं कुठं? तुझ्याच आवारात ना?"

"माझ्याच आवारात. कागदावर लिहिलंय तसं. वाचून तरी बघ."

नावं मिळाली नाहीत, तेव्हा ती घडीची खुर्ची घेऊन दुकानासमोरच्या रस्त्याच्या कडेला बसली. पायाशी रबराची चटई, मांडीवर कागद. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. एकानं ट्रकची काच खाली करून टोमणा मारला, "म्हातारे, बसच चालवायची होतीस!" दुसऱ्यानं विचारलं, कंपनीनं पैसे दिले नाहीत म्हणून रुसलीस का? ओपलनं दोघांनाही कागद दिला. पहिल्याला म्हणाली, "चौथीत तू रोज माझ्या बसमध्ये ओकायचास. तेव्हाही मीच पुसलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस बुटांच्या खोक्यात आपलं एकशेनव्वदवालं घेऊन आला. तिनं ते चटईवर सोडलं. सहाव्यांदा फट्. त्या माणसानं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "हे माझ्या पलंगाशेजारी होतं. भरलेलं. तिथं नातू लोळतो माझा."

शुक्रवारपर्यंत चौदातली नऊ आली. नवांतली पाच वाजली. डॉइल काचेआडून बघत होता. पाचवं वाजल्यावर तो आत वळला आणि मांडणीवरची सहाही पिस्तुलं उचलून खोक्यात भरू लागला. उरलेल्या पाच गिऱ्हाइकांनाही त्यानंच फोन केले, हे तिला पुढं विल्माकडून कळलं. कंपनीनं नंतर एक पत्रक काढलं. आतला खिट्टा 'अधिक चांगला' करून फुकट बदलून देऊ, असं त्यात होतं. चूक हा शब्द त्यात कुठंच नव्हता. ओपलचं नावही नव्हतं. मासिकात तिच्या पानावर आता गोळीबाराचा आवाज अडवणाऱ्या कानटोप्यांची जाहिरात आली.

त्या शनिवारी सकाळी ती खाणीच्या आवारात लवकर गेली. गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधासमोर चौकटी उभ्या केल्या, प्रत्येकीवर कोरा कागद ठोकला. अकरा चौकटी, अकरा कागद. दहाला गाड्या यायच्या. सव्वादहाला चारच होत्या. विल्मा होती, रीटा मे होती, आणखी दोघी. बाकीच्यांचे निरोप आले होते: कुणाची पाठ धरली होती, कुणाच्या नवऱ्यानं नको म्हटलं होतं. एकीनं खरं ते सांगितलं, की आता भीती वाटते.

"वाट बघायची का?" रीटा मेनं विचारलं.

"नाही. वेळ म्हणजे वेळ." ओपल चौघींसमोर उभी राहिली. "धड्याआधी एक सांगायचंय. दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या शब्दावर विसंबून तुमच्यातलं कुणी मेलं असतं. यापुढं मी काही सांगितलं तर विचारायचं, कसं तपासलंत? उत्तर नाही आलं, तर माझं ऐकायचं नाही. कळलं?"

"कळलं," चौघी म्हणाल्या.

"मोठ्यानं!"

"कळलं!"

दीड तास आवार दणाणत राहिलं. मग गाड्या गेल्या, धूळ खाली बसली. ओपलनं भोकं पडलेले चार कागद काढून त्या त्या बाईच्या नावानं बाजूला ठेवले. उरलेले सात वाऱ्यावर फडफडत होते, कोरे करकरीत. तिनं एकेका कागदाचे खिळे अलगद उपसले, कोपरे फाटू न देता सातही कागद एकत्र गुंडाळले, वर रबर चढवलं आणि पुढच्या शनिवारसाठी ट्रकच्या पुढच्या सीटवर, स्वतःशेजारी ठेवले.