नडगीतली जाळी

डॉक्टर राजशेखर यांनी फोनवर नमस्कारसुद्धा केला नाही. "तुमची जाळी फेल गेली," ते म्हणाले. "काल काढून टाकली. सरांना सांगा, आणि पुन्हा लातूरला असलं काही पाठवू नका."

महामाया सोनकांबळे तेव्हा नांदेडच्या प्रयोगशाळेत यंत्रापाशी उभी होती. सुईतून वितळलेल्या पॉलिमरचा केसासारखा धागा उतरत होता. एक थर आडवा, एक उभा, आणि मधे बारीक खिडक्या सुटत होत्या. त्या पॉलिमरात तिनं हाडात असतं तेच खनिज मळलं होतं, कॅल्शियम-फॉस्फेटची पिठासारखी भुकटी आणि किंचित मॅग्नेशियम. अपघातात हाडाचा तुकडाच उडाला तर तिथं ही जाळी बसवायची. खिडक्यांतून रक्तवाहिन्या आत शिरतात, भुकटीच्या आधारानं नवं हाड धरतं, आणि ते भरत गेलं की जाळी शरीरातच विरून जाते. इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते तसं, असं ती घरच्यांना सांगायची. शेळ्यांवर ते जमलं होतं. मग माणसांवर करून बघायची परवानगी मिळाली, आणि डॉक्टर राजशेखर यांच्याकडे पहिला माणूस आला निलंग्याकडचा बसवंत. कंत्राटी लाइनमन होता तो. खांबावरून पडून त्याची नडगी अशी फुटली होती की मधलं बोटभर हाड गायबच होतं.

"आत काय दिसलं?" महामायानं विचारलं.

"काय दिसणार? हाड धरलंच नाही. भोवती नुसता पांढरा पापुद्रा. हाडाला आधाराला लावलेली प्लेट तुटली. पेशंट रोज मला शिव्या घालतोय, खरं तर त्या तुम्हाला बसायला पाहिजेत."

"काढलेली जाळी मला बघायची आहे."

"ती काय दागिना आहे जपून ठेवायला? पेशंटच्या आईनं मागून नेली." आणि फोन ठेवला.

आठवडाभरात डॉक्टरांचं लातूरभर सांगून झालं होतं की नांदेडच्या बाईंनी भुकटी जास्त घातली आणि जाळी आतून ठिसूळ झाली. विभागप्रमुख मार्तंड सरांनी महामायाला बोलावून घेतलं. सर स्वभावानं वाईट नव्हते, पण भांडणाचा वास आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

"आपल्याला परवानगी देणाऱ्या समितीची लातूरला बैठक लागली आहे. प्रमाण थोडं चुकलं असेल, एवढं म्हणून टाका. सुधारून घेऊ म्हणा. विषय संपेल."

"प्रमाण चुकलं नाही, सर."

"अहो, एवढा मोठा सर्जन. त्यांच्याशी वाकडं घेतलं तर तिकडे आपल्याला दारात कोण उभं करील?"

"चुकलेलं नसताना चुकलं म्हणू?"

"तुम्ही ते दाखवणार कसं?" सर म्हणाले. दाखवायला ती काढलेली जाळीच हवी होती. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि निलंग्याची वाट धरली.

निलंग्याहून पुढे काळीपिवळी जीपनं ती बसवंतच्या गावात उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पत्र्याच्या घरासमोर त्याची आई शांतम्मा तूर निवडत बसली होती. आत बाजेवर बसवंत, पाय उशीवर, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"कोण तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मी महामाया. नांदेडहून आले. तुमच्या पायात घातलेली जाळी मी बनवली होती."

बाहेर शांतम्माचे हात थांबले. "हिनंच?"

"हाव, अव्वा," बसवंत आईला म्हणाला. "तोंड वर करून सांगायली बघ."

म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "आडनाव काय तुमचं?"

"सोनकांबळे."

महामाया आपणहून बाजेसमोर खाली बसली. उन्हातून आलेल्या बाईला त्या घरानं पाणी विचारलं नाही, आणि महामायानंही मागितलं नाही. ते पायामुळे की आडनावामुळे, याचा विचार करायचा नाही, असं तिनं जीपमधून उतरतानाच ठरवलं होतं.

"काढलेली जाळी मला द्या," ती म्हणाली. "ती का फसली ते मला बघायचंय."

"बघून माझं काय हुनार हाय?" बसवंतचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "डॉक्टर म्हन्ते भुकटी खराब. तुम्ही म्हननार डॉक्टरचा हात खराब. तुमी भांडा दोघं. खांबावर चढनारा मानूस मी, आता संडासला जायला अव्वाचा खांदा लागतो मला."

"भुकटी खराब निघाली तर मी तसं सांगेन. लातूरला समितीची मीटिंग आहे, तिथं तुमच्यासमोर सांगेन."

"समदे असंच म्हन्तेत. कागदावर अंगठा घेताना तुमचा तो डॉक्टर बी लई गोड बोलला."

"उठा आता," शांतम्मा म्हणाली. "जावा."

महामाया उठली नाही. तिला अपमान कळत नव्हता असं नाही. धर्माबादच्या शाळेपासून नांदेडच्या विभागापर्यंत तिनं तो पुष्कळ गिळला होता. पण आज जाळी न घेता गेली असती तर ती खोटी ठरली असती, आणि पुढे आयुष्यभर तिच्या नावापुढे हा एक पाय लागला असता. ती हलत नाही हे बसवंतनं पाहिलं. मग आईला म्हणाला, "आण ती बरनी."

लोणच्याच्या बरणीत कापसावर ती जाळी होती, मळकट, पिवळी पडलेली. बसवंतनं बाजेखालून आपली पकड काढली, तारा तोडायची, आणि एका दाबात जाळीचे दोन तुकडे केले.

"अर्धी तुमची. अर्धी हितंच ऱ्हाईल. खोटं बोलला तर ही घेऊन म्या दुसऱ्या मानसाकडं जातो. आन् मीटिंगला म्या येनार. माझ्या पायाचं माझ्यामागं कुनी बोलायचं न्हाई."

नांदेडला परतल्यावर तिनं तो तुकडा धुतला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेजारी त्याच दिवशी, त्याच यंत्रावर काढलेली जुळी जाळी ठेवली, जी तिनं कपाटात राखून ठेवली होती. जुळ्या जाळीतले धागे शेवयांसारखे गोल होते, खिडक्या उघड्या होत्या. बसवंतच्या जाळीतली भुकटी जिथं असायला हवी तिथंच होती, सारख्या प्रमाणात पसरलेली. पण धागे चपटे झाले होते. एकमेकांवर बसून चिकटले होते, आणि आतल्या खिडक्या जवळजवळ सगळ्या बुजल्या होत्या. रक्तवाहिनीला शिरायला वाटच उरली नव्हती.

ती खुर्चीत मागे टेकली. हे पॉलिमर साठ अंशांच्या आसपास वितळतं. माणूस तापानं फणफणला तरी त्याचं शरीर तिथवर जात नाही. म्हणजे जाळी बसवंतच्या पायात जायच्या आधीच कुठंतरी भाजून निघाली होती. तिच्याकडून निघाली तेव्हा ती थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांत होती. खोकं तिनं स्वतः डॉक्टर राजशेखर यांच्या हातात दिलं होतं. ते एका परिषदेसाठी नांदेडला आले होते आणि म्हणाले होते, मी गाडीतून जातोच आहे, द्या माझ्याकडे. दिवस मे महिन्याचे होते.

बैठक लातूरच्या एका सभागृहात झाली. समितीचे अध्यक्ष अमृतराव हे निवृत्त डॉक्टर होते, कमी बोलणारे. मार्तंड सर कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले. बसवंत कुबड्या घेऊन आला, आणि त्याला बाहेर थांबायला सांगणाऱ्या शिपायाला त्यानं नुसत्या नजरेनं बाजूला केलं.

महामायानं पडद्यावर दोन चित्रं दाखवली, गोल धागे आणि चपटे धागे. काय झालं ते सांगितलं. डॉक्टर राजशेखर ऐकताना घड्याळाशी चाळा करत होते.

"चित्रं काय, कशीही काढता येतात," ते म्हणाले. "तुमच्या विभागात माणसं कशी लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी या हातांनी हजारो हाडं जोडली आहेत."

मार्तंड सर टेबलाकडे बघत राहिले. महामायानं आवाज चढवला नाही. "माझी नेमणूक कशी झाली ते नंतर विचारा. आधी सांगा, खोकं लातूरला कसं नेलंत?"

"कसं म्हणजे? गाडीतून."

"बर्फाच्या पिशव्यांसकट?"

"ते भलंमोठं खोकं! गाडीत जागा कुठं होती? घरच्यांचं सामान होतं. पाकीट काढून घेतलं आणि मागच्या काचेखाली ठेवलं. पाकीट सीलबंद होतं, त्याला काय होतंय? अहमदपूरला मित्राकडे जेवायला थांबलो, दोन-तीन तासांत घरी. मी काय ते भट्टीत घातलं का?"

अमृतरावांनी पेन खाली ठेवलं.

"मे महिन्यात," अमृतराव म्हणाले. "बंद गाडीत, काचेखाली."

"बाहेरून काही कळत नव्हतं. कडा जरा बसल्या होत्या. मी चाकूनं बसवून घेतल्या."

"दिसलं होतं तुम्हाला," महामाया म्हणाली. "कडा बसलेल्या दिसल्या, आणि मला एक फोन केला नाही तुम्ही."

"तुम्हाला विचारून ऑपरेशन करायचं का मी?"

तेवढ्यात बसवंतची कुबडी फरशीवर आपटली. सगळे तिकडे वळले. "म्हंजे माझ्या पायात घातली ती आधीच मेलेली हुती," तो म्हणाला. डॉक्टरांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो महामायाकडे वळला. "आन् बाई, तुम्ही बी हातात दिलीच की त्याच्या. उन्हात ठेवू नको म्हनून तोंडानं सांगितलं व्हतं का?"

"खोक्यावर लिहिलं होतं."

"म्या तोंडानं म्हनलो."

"नाही," महामाया म्हणाली. "तोंडानं नाही सांगितलं."

"बास मग," म्हणून तो कुबड्या सावरत बाहेर गेला.

डॉक्टर राजशेखर यांना प्रकल्पातून काढलं, एवढंच झालं. त्यांचं हॉस्पिटल पूर्वीसारखंच भरलेलं राहिलं, आणि त्या बाईनं मला तोंडघशी पाडलं असं ते भेटेल त्याला सांगत राहिले. पुढे विभागात मार्तंड सरांनी तिची खोली बदलली, यंत्राची चावी दुसऱ्याकडे गेली, आणि यंत्र लागलं की तिला अर्ज करावा लागू लागला.

पावसाळा सरता सरता बसवंत आईला घेऊन नांदेडला आला. प्रयोगशाळेच्या दारात उभा राहूनच म्हणाला, "दुसऱ्या डॉक्टरनं पाय कापा म्हनलं. दुसरा रस्ता असता तर तुमच्या दारात पाय ठेवला नसता."

"बसा," महामाया म्हणाली.

"बसायला न्हाई आलो. करता का न्हाई, तेवढं सांगा."

तिनं अर्ज करून यंत्र मिळवलं आणि नवी जाळी काढली. लातूरच्याच दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मृण्मयी शस्त्रक्रियेला तयार झाल्या. बसवंतनं अट घातली की जाळी पायात जाईपर्यंत ती आणणारीनं तिथंच थांबायचं. महामाया थांबली. त्या काळात शांतम्मा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिच्या समोरच्याच बाकावर बसून होती.

यावेळी हाड धरलं. सुरुवातीला एक्स-रेवर नुसता धुरकट पट्टा दिसत होता. उन्हाळ्यापर्यंत तो पट्टा वरच्या आणि खालच्या हाडाला जाऊन भिडला. बसवंत आधी एक कुबडी सोडून चालला, मग दुसरी. पाय किंचित आखूड राहिला. खांबावर चढायचं काम गेलं ते गेलंच, त्याला उपकेंद्रात तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं, आणि ते काम त्याला मनापासून नको होतं.

शेवटच्या तपासणीला महामाया लातूरला गेली. डॉक्टर मृण्मयींनी एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा महामाया त्या भरलेल्या हाडाकडे इतका वेळ बघत राहिली की बसवंत कंटाळला.

"फोटो काढू का एक, चालतानाचा?" तिनं विचारलं. "पुढच्या पेशंटना दाखवायला."

"न्हाई," तो म्हणाला. "पाय भरला म्हनून तुमचं माझं काही मिटलं असं समजू नका."

"नाही समजत."

तो लंगडत, पण स्वतःच्या पायानं, रिक्षाकडे गेला. शांतम्मा मागे रेंगाळली. पदर सारखा करत ती महामायाजवळ आली. पहिल्यांदाच इतकी जवळ.

"ती जाळी आतच ऱ्हानार का?"

"नाही. दोन-तीन वर्षांत विरून जाईल. मग तिथं फक्त त्याचं हाड राहील."

"तुमचं काहीच ऱ्हानार न्हाई त्यात?"

"काहीच नाही."

"बरं हाय," शांतम्मा म्हणाली, आणि वळून रिक्षात जाऊन बसली.

महामाया हॉस्पिटलच्या पायऱ्यांकडे वळली. आतून डॉक्टर मृण्मयींनी हाक मारली. माहूरकडचा एक जण आला होता, मोटारसायकलवरून पडून हात फुटलेला, आणि त्याच्या घरचे कधीचे चढ्या आवाजात विचारत होते की ही जाळी बनवणारी बाई कोण आहे, तिला समोर आणा. ती आत गेली.