चौथं पाकीट

डब्यात ब्लेडची पाकिटं चार होती. असायला हवी होती तीन.

रुबीनाने ती टेबलावर पसरली, एकेक उचलून पुन्हा डब्यात टाकली आणि तिसऱ्यांदा मोजली. चारच. दहा पाकिटांचा हा डबा तिने दिवाळीनंतर स्वतःच्या हाताने फोडला होता. त्यानंतर वहीत सात पानं भरली होती. भुवया कोरून, म्हणजे ब्लेडच्या बारीक चिरांत रंग भरून घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांदेखत नवं पाकीट फाडायचं आणि त्यावरची नंबराची चिकटपट्टी सोडवून त्या बाईच्या पानावर लावायची, ही पद्धत अमरावतीच्या या पार्लरमध्ये तिनेच सुरू केली होती. सातपैकी सहा पानांवर पट्टी होती. सातवं पान चंदाचं. त्यावर नाव होतं, मंगळवारची तारीख होती, दोन्ही भुवयांची मापं होती. पट्टीची जागा कोरी होती.

टेबलावर मोबाइल उताणा पडला होता. सकाळी आठला चंदाने पाठवलेला फोटो अजून उघडाच होता. उजवी भुवई लाल, फुगलेली, आणि तिच्याखालची पापणी अर्ध्यावर आलेली.

रुबीनाने मंगळवार आठवून पाहिला. दहा वाजता पार्लरची मालकीण रागिणीताई खुर्चीत बसली होती, तिच्या दोन वर्षांपूर्वीच्या फिकट झालेल्या भुवया पुन्हा कोरायच्या होत्या; तिच्या पाकिटाची पट्टी सहाव्या पानावर होती. ते आटपतं न आटपतं तोच चंदा आली. तिला दीडची बस गाठायची होती. हातमोजे नवे घेतले होते, हे नक्की, कारण त्यातला एक घालतानाच फाटला होता. रंगाची वाटी नवी होती. खुर्चीवरची चादर बदलली होती. ब्लेड बसवायची दांडी स्पिरिटने पुसल्याचं आठवत होतं. दांडीच्या टोकाला तेव्हा कोणतं ब्लेड होतं, ते आठवत नव्हतं. तिने डोळे मिटले, तरी तिथे काहीच दिसेना.

ती अकोल्याच्या कॉलेजात तीन वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती. वाळलेल्या रक्तात काय काय किती दिवस तग धरतं आणि स्पिरिटच्या एका बोळ्याने त्यातलं काय मरत नाही, हे तिला परीक्षेसाठी पाठ करावं लागलं होतं.

रागिणीताई आली, तिने उभ्याउभ्याच सगळं ऐकलं आणि डब्यात डोकावून पाहिलं. तिच्या कपाळावर ताज्या तपकिरी खपल्यांच्या दोन कमानी होत्या, काठ कुठेही लाल नव्हता.

"मोजाले चुकली असशील."

"तीनदा मोजलं, ताई."

"मंग कंपनीनंच अकरा टाकले असतील डब्यात. आधी तिचा डोळा पाहून ये. इथं बसून मोजून काय होते?"

भातकुलीच्या पुढे सहा किलोमीटरवर चंदाचं गाव. रुबीना स्कूटी घेऊन पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीच्या पट्टीपर्यंत कापूस रचलेला होता आणि तो ढीग व भिंत यांच्यामधून एक माणूस जाईल एवढीच वाट ठेवली होती. चंदाची सासू गोदाबाई दारातच उभी होती. तिने रुबीनाचं मनगट धरलं आणि आत नेलं.

चंदा शिलाई मशीनशेजारच्या खाटेवर बसली होती. मशीनवर चादर पांघरलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या भुवयांना चाई लागली आणि महिनाभरात दोन्ही भुवया गेल्या. तेव्हापासून ती घरातसुद्धा स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून वावरायची, गिऱ्हाइकांची मापंही तशीच घ्यायची. मंगळवारी आरशात पाहिल्यावर तिने स्कार्फ घडी करून पर्समध्ये टाकला होता आणि तशीच बसस्टँडवर गेली होती. आज तो पुन्हा कपाळावर होता.

भातकुलीच्या डॉक्टरांनी सकाळीच इंजेक्शन दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. लाली पापणीवर पसरली किंवा ताप चढला, तर वेळ न घालवता अमरावतीला दवाखान्यात न्यायचं, डोळ्याजवळचं दुखणं आहे, असं त्यांनी बजावलं होतं. रुबीनाने पिशवीतून त्वचेवर आखायचा पेन आणि भुवया मोजायची छोटी पट्टी काढली. लालीच्या कडेकडेने तिने जांभळी रेघ ओढली आणि घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस.

बारा चाळीसला तिने पट्टी लावली. एकदा लावून पुन्हा लावली.

"बाहीर गेलं ना?" चंदाने विचारलं.

"दोन मिलिमीटर."

"म्हंजे किती?"

रुबीनाने मशीनवरची जाड सुई उचलून तिच्या नेढ्यावर नख ठेवलं. "दोन नेढी, एकावर एक."

चंदाने सुई हातात घेतली आणि ती कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिली.

थांबण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून रुबीनाने विचारायला सुरुवात केली. तिने मंगळवारी दिलेला सूचनांचा कागद चंदाने मशीनच्या कडेला चिकटवला होता आणि प्रत्येक ओळीसमोर रोजची बरोबरची खूण केली होती. तोंडाला पाणी लावलं नव्हतं. चुलीपुढे गोदाबाईने तिला फिरकूही दिलं नव्हतं. झोपताना कूस वळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा लावल्या होत्या. मलम तांदळाच्या दाण्याएवढंच. खपलीला बोट नाही. इतक्या नेटाने सूचना पाळणारी बाई रुबीनाला वर्षभरात भेटली नव्हती. चंदाकडून काहीच चुकलं नसेल, तर चूक एकाच ठिकाणी उरत होती.

चौथी ओळ रुबीनाच्याच शब्दांत होती. पहिले दोन दिवस, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने दर दोन तासांनी हलकेच टिपणे.

"कापूस कोणता घेतला, ताई?"

"घरचा," चंदा म्हणाली. तिला प्रश्नच नीट कळला नव्हता.

"बाहेरच्या ढिगातला?"

गोदाबाईला ते लागलं. ती उठून देवघरात गेली आणि पितळेचा एक डबा घेऊन आली. ढिगातला कापूस सुनेच्या तोंडाला लावायला ती काय वेडी होती? हा सीतादहीचा कापूस. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात पूजा होते, झाडांवर दहीभात शिंपडतात, आणि त्या झाडांची पहिली बोंडं वर्षभराच्या वातींसाठी वेगळी काढून ठेवतात. त्याला विटाळाचा हात लागत नाही.

"याच्यापरीस साफ कापूस या घरात नाही, पोरी."

रुबीनाने डबा उजेडात नेला. कापूस खरोखरच पांढराशुभ्र होता. आत बोट घालून तिने तो उलगडला, तेव्हा मधे पिवळट कडक ठिपके लागले. एका ठिकाणी कुंकू, एका ठिकाणी वाळलेलं भाताचं शीत. तिने एक ठिपका नखाने खरवडून हुंगला आणि डबा अलगद बंद केला. कागदावर तिने 'स्वच्छ' लिहिलं होतं. 'मेडिकलमधून आणलेला' असं लिहिलं नव्हतं.

तिने जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. दही आपण खातो तेव्हा चांगलंच, पण चिरलेल्या कातडीत जाण्यासारखं ते नाही, त्यात ते महिनाभर डब्यात पडलेलं. गोदाबाई खाटेच्या पायाशी खाली बसली.

"म्हंजे म्याच केलं हे."

"तुमी उगीच जीव जाळू नका, आई," चंदा म्हणाली. मग रुबीनाकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, "रात्रभर मी तुह्याच नावानं बोटं मोडून राहिली होती. माफ कर माय."

एक चाळीसला लाली तिथेच होती. दोन चाळीसलाही तिथेच. रुबीना अंगणात गेली आणि तिने फोन लावला.

कापसाचं ऐकून रागिणीताईने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तो फोनवर ऐकू आला. आता निघ तिथून, ती म्हणाली, दुपारच्या दोघी वाट पाहून राहिल्या आहेत.

"ताई, कापसानं सूज येते. रक्तातलं दुखणं कापसानं येत नाही. तिचं रक्त तपासावं लागंल."

"अन् कावून तपासाचं म्हणून सांगशील तिले?"

"जे झालं ते सांगीन."

मग रागिणीताई बोलू लागली ती एकदम हळू आवाजात. हे आज भातकुलीत कळलं की उद्या अमरावतीत कळेल. आठ वर्षं तिने एकटीने हे पार्लर उभं केलं, नवरा गेल्यावर. एका पाकिटासाठी, जे बहुतेक कंपनीनेच चुकून जास्त टाकलं. तुला सांगायचंच असेल तर सांग, पण मग उद्यापासून इकडे येऊ नको, अकोल्याला आपल्या अम्मीकडे जा. रुबीनाला विचारायचं होतं ते वेगळंच होतं: ताई, तुमचंही रक्त तपासाल का? ब्लेडवर कुणाचं रक्त असू शकतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. ते ती विचारणार, तेवढ्यात फोन बंद झाला.

आत गोदाबाईने ताट वाढून ठेवलं होतं. भाकरी, वांग्याची भाजी, वर तेलाची धार. "खा माय," ती म्हणाली, "सकाळपासून उपाशीपोटी मोजूनच राहिली." मग ती घागर घेऊन नळावर गेली.

रुबीनाने ताट बाजूला सरकवलं.

"चंदाताई, कापसाचं खरं आहे. पण ते एकच नाही."

तिने चार पाकिटं सांगितली, सहा पट्ट्या सांगितल्या, कोरी जागा सांगितली. जे आठवत नव्हतं, तेही सांगितलं. चंदाचा हात मशीनवरच्या चादरीची सुरकुती सरळ करत होता, पुन्हा पुन्हा, तीच सुरकुती.

"माह्याआधी कोण होती?"

"ते मले सांगता येत नाही."

"तिले काही दुखणं हाये का?"

"मले माहीत नाही. तिलेही माहीत नसंल."

चंदाने स्कार्फ खाली ओढला. नळावर गोदाबाई कुणाशी तरी बोलत होती, तिचा आवाज येत होता.

"आठ वर्साची पोरगी हाये मले," चंदा म्हणाली. तिने दाराबाहेर नळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आईले हे कळू देऊ नको. कापसापायीच जेवणार नाहीत त्या आज. रक्त तपासाले उद्या किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली जांभळ्या रेघेच्या आत आली होती आणि चंदाचा डोळा पूर्ण उघडत होता. अमरावतीच्या लॅबमध्ये रक्त घेणारी बाई शांत स्वभावाची होती. तिने तीन तपासण्यांची नावं वाचून दाखवली. आकडा एकच्या खाली आला म्हणजे काही नाही, एकच्या वर गेला म्हणजे डॉक्टरकडे. पण चार दिवसांपूर्वी अंगात काही शिरलं असेल तर ते आज दिसणार नाही, असंही तिने सांगून टाकलं. सहा आठवड्यांनी पुन्हा यावं लागेल, मग तीन महिन्यांनी.

"तीन महिने?" चंदा म्हणाली.

"ब्लेड आधी जिच्यावर वापरलं ती बाई आली, तर आजच बरंचसं कळंल," लॅबवाली म्हणाली. "तिच्यात काही नसंल, तर ब्लेडवरून तुमच्यातही आलं नसंल."

चंदाने रुबीनाकडे पाहिलं. रुबीना फरशीवरच्या पांढऱ्या आणि काळ्या चौकोनांकडे पाहत होती. पार्लर दहाला उघडायचं आणि साडेदहा वाजले होते. सकाळपासून तिच्या फोनवर कुणाचाच फोन आला नव्हता, आणि रात्री तिने रागिणीताईला मेसेजने कळवलेल्या लॅबच्या नावावेळेलाही उत्तर आलं नव्हतं.

काचेचं दार ढकलून रागिणीताई आत आली. तिने हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं, रुमालाने मान पुसली. रुबीनाकडे तिने पाहिलं नाही. रक्त घ्यायच्या खुर्चीत ती सरळ जाऊन बसली आणि डाव्या हाताची बाही कोपराच्या वर चढवली.

"माह्यंही घ्या. तेच तीन."

खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. भुवयांवरच्या खपल्या अर्ध्या सुटल्या होत्या आणि खालून बारीक तपकिरी रेघा दिसत होत्या. तोच रंग, तशीच कमान, तेवढ्याच दिवसांची खपली. चंदा त्या भुवयांकडे पाहत राहिली. सुई आत गेली, नळी भरली, रागिणीताईने कापसाचा बोळा दाबून धरला. बसायला ती मागे वळली तेव्हा चंदाने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

तिघी ओळीने बसल्या. दुपारी कुणीतरी चहा आणला, तो तिघींनी घेतला. एकदा रागिणीताईने चंदाला डोळ्याचं विचारलं, चंदाने बरं आहे म्हणून सांगितलं. चार वाजून वीस मिनिटांनी काउंटरवरून रागिणीताईचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही, म्हणून रुबीना उठली.

कागदावर तीन ओळी होत्या. हिपॅटायटिस बी, ०.१८. हिपॅटायटिस सी, ०.११. एचआयव्ही, ०.२३.