काच ओ देत नाही

अंगठा.

सरकत नाही. पडद्यावर बायकोचा फोटो, खाली थरथरणारं हिरवं बटण आणि त्यावरून नुसताच घसरणारा पॉलिशवाल्याचा अंगठा. फोन वाजून वाजून थकला आणि गप्प बसला.

लाकडाला पॉलिश करून करून बोटांवर लाखेचा थर चढला होता. आजवर कुठे अडलं नव्हतं. फोन आला की शेजारी खुर्च्या घासत बसलेली बायकोच तो उचलून त्याच्या कानाला लावायची. या बोटांवरची कातडी कुठे गहाण टाकलीत, असं वर विचारायची.

आता ती दवाखान्यात. संसर्ग होईल म्हणून भेटायला बंदी. दुपारी सिस्टर तिच्या हातात फोन द्यायची, तेवढाच.

ओलं बोट.

हे मेहुणीचं डोकं. काचेला वेडच लागलं. टॉर्च पेटला, कॅलक्युलेटर उघडला, फोन कट. ओलं म्हणजे भिजवलेलं नव्हे भावोजी, म्हणत तिने वरची जाड काच सोलून काढली, सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श वाढवला. तिच्या बोटाला फोन लगेच वश झाला. त्याच्या नाही.

नाक.

(चाललं. पण बायकोला दिसली नुसती नाकपुडी. ती हसली. हसता हसता खोकला सुटला.

"अहो, ऐका ना, एक सांगायचं राहिलंय..."

पुढे नुसता खोकला. सिस्टरने फोन काढून घेतला. नाक पुन्हा लावायचं नाही, त्याने ठरवलं.)

रात्रभर तेच. काय राहिलंय?

सकाळी वैतागून त्याने फोनवर बोट मुडपून पेराने ठोकलं, फळी आतून पोखरलीय का बघायला ठोकतो तसं. काच उजळली. पुन्हा ठोकलं. उघडली. पेरावर लाख नव्हतीच! मग मेहुणीने स्वयंपाकघरातून फोन लावत राहायचं आणि याने बाहेर पेराने उचलत राहायचं. पुरे आता, आमटी करपेल, ती म्हणेपर्यंत.

पेर.

दुपारी रिंग वाजली. बायकोचा फोटो. पहिल्याच फटक्यात उचलला.

"अगं, जमलं बघ. बोल, काय सांगायचं होतं?"

"काका, मी सिस्टर बोलतेय. तुमच्याजवळ कोणी आहे का?"

मेहुणी दारात येऊन उभी राहिली. फोन केव्हाच बंद झाला होता. तो पेराने ठोकत होता. फोटो उघडत होता, मोठा होत होता, मिटत होता. आता काच प्रत्येक टकटकीला ओ देत होती.