कोऱ्या वहीतली स्वप्नं

मानसशास्त्राच्या ऑनर्सला चौथ्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. मी विषय घेतला स्वप्नांचा. वडीगोद्रीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारच्या दैवशाला मावशी भर रस्त्यात म्हणाल्या, "चार वर्षं जालन्याला जाऊन आता झोपायचं शिकून राह्यली का गं, आकांक्षा?" मला भयंकर राग आला. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

काम तसं सोपं होतं. गावातल्या तेवीस बायका, प्रत्येकीची एक वही आणि एकवीस दिवस. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी रात्रीचं स्वप्न मला सांगायचं, मी लिहून घ्यायचं. सरावासाठी एक जादा वही आईची केली.

जानेवारी संपत आला होता. मोसंबीला बहार आलेला. पहाटेच्या धुक्यात तो वास इतका दाट असायचा की चालताना आपण जागे आहोत की नाही, याची शंका यायची. मी वह्यांची पिशवी घेऊन घराघरात शिरायचे. चुलीपुढे, गोठ्यात, दात घासता घासता बायका मला स्वप्नं सांगायच्या आणि मला वाटायचं, सगळं गाव अजून अर्धं झोपेतच आहे, फक्त तोंडं तेवढी हलताहेत.

तारा वहिनींच्या स्वप्नात उसाची ट्रॉली विहिरीत पडत होती, पण आवाजच होत नव्हता. बेबीनंदा मावशीचे दात एकेक करून परातीत गळत होते आणि ती ते पिठात मळत होती. दैवशाला मावशींच्या दारात तर रोज एक पांढरी म्हैस येऊन माणसासारखी रडायची. लिहिता लिहिता माझ्या अंगावर काटा यायचा. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही व्हायचा. असं काही मिळायला नशीब लागतं.

आईचं मात्र रोज एकच. "न्हाई पडलं."

"अगं, आठव ना जरा."

"न्हाई म्हन्ते ना. जल्दी जा, बस निघून जाईल."

एकवीस दिवसांत एकवीस कोरी पानं. शेवटी मी चिडून त्या वहीवर 'निरुपयोगी' असा शेरा मारला आणि ती माळ्यावर टाकून दिली.

तेवीस वह्यांचा हिशेब लागला तो असा, की शंभरातली ब्याण्णव स्वप्नं भीतीची होती. माझ्या मार्गदर्शक गंधाली मॅडम तक्ता बघून खुर्चीतून उठल्याच. वडीगोद्रीच्या बायका आतून किती घाबरलेल्या आहेत, त्यांची झोप कशी आजारी आहे, हे मी चाळीस पानं लिहिलं. पुण्याच्या परिषदेत वाचण्यासाठी निबंधाची निवड झाली. आमच्या वर्गातून फक्त माझी. मी जमिनीवर चालत नव्हते म्हणा ना.

मार्चमधल्या एका दुपारी संमतीपत्रावर सही घ्यायला मी दैवशाला मावशींच्या मळ्यात गेले. जेवण करून त्या मोसंबीखाली बाजेवर आडव्या झाल्या होत्या, गाढ झोपेत. आणि हसत होत्या. लहान बाळ हसतं तसं, ओठ न उघडता. मी कितीतरी वेळ उभी राहून बघत होते. ऊन पानांतून त्यांच्या तोंडावर हलत होतं. तोंड ओळखीचं, पण असं मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्या जाग्या झाल्यावर मी विचारलं, "काय पाहिलं मावशी?"

"कुठं काय. काही न्हाई."

"हसत होतात तुम्ही!"

"मंग?" त्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघायला लागल्या. "चांगलं सपन कुनी सांगतं का? सांगितलं की गेलं. वाईट असलं तर सांगून टाकावं, त्याचा जोर जातो. तुला म्हून तर रोज सांगत होते. हलकं वाटायचं बिलकुल."

मी तिथेच मातीत बसले. कारण हे मला माहीत होतं. दहावीच्या निकालाच्या सकाळी मला चांगलं स्वप्न पडलं होतं आणि ते जाऊ नये म्हणून दिवसभर मी तोंड मिटून फिरले होते. कॉलेजच्या चार वर्षांत ते असं काही पुसलं गेलं, की घरोघरी जाऊन बायकांची अर्धीच झोप मी गोळा केली आणि त्यांना आजारी ठरवून मोकळी झाले. मला स्वतःची शरम वाटली. अशी शरम, की घरी जाऊन आईच्या डोळ्याला डोळा देववेना.

प्रबंध द्यायला आठ दिवस होते. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पुणंही झालं असतं. तीन दिवस मी गप्प बसलेही. चौथ्या दिवशी तारा वहिनींनी हौसेनं विचारलं, "पुण्याला आमचं नाव घेशील ना गं?" आणि मला ते सहन झालं नाही.

गंधाली मॅडमनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "परिषदेतून नाव काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "निष्कर्ष नव्यानं लिही. मार्क जातील, आकांक्षा."

मार्क गेले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पानं चाळून विचारलं, "मग तुमच्या हाती उरलं काय?"

मी माळ्यावरून काढून आणलेली आईची वही पुढे ठेवली. "बाकीच्या तेवीस अर्ध्याच आहेत. ही एकच वही पूर्ण आहे, सर," मी म्हणाले. त्यांनी सगळी कोरी पानं एकेक करून उलटली. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

जूनमध्ये निकाल लागला. पास झाले, जेमतेम बऱ्या श्रेणीत. आई अंगणात शेंगा सोलत होती. मी सांगितलं तशी तिनं हात पदराला पुसले.

"झालं का सगळं? आता कुनी काढून घेनार न्हाई ना?"

"नाही."

"मंग सांगते. ती तुझी वही होती ना, तवा रोज एकच पडायचं. तू खुर्चीवर बसलीस. समोर बाया. एकेक बाई येती, बोलती, रडती, उठून जाती. तू काही म्हनत न्हाईस. नुसती ऐकून राह्यलीस. लई शांत दिसत होतीस बाई."

मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलायला लागले. नाक ओढत विचारलं, "एकवीस दिवस हेच?"

"वीस दिवस."

"आणि एक?"

आईनं सुपातले दाणे पाखडले. फोलपटं उडाली.

"न्हाई पडलं," ती म्हणाली, आणि ओठ न उघडता हसली.