सोयगाव मुक्काम

माझी बायको सारजाबाई जानेवारीत वारली. शहरात जॅझ पियानो म्हटलं की तिचंच नाव निघायचं. तिचे वडील छावणीतल्या चर्चमध्ये पेटी वाजवत. पेटी ती त्यांच्याकडं शिकली. जॅझ शिकली ती शहरातल्या मोठ्या हॉटेलात पियानो वाजवणाऱ्या मिनेझिस सरांकडं. सत्तर साली सर गोव्याला परतले आणि त्यांच्या जागी ती बसली. अजिंठा बघून आलेले पाहुणे जेवायचे, ती वाजवायची. नातेवाईक बोलले, तरी वाजवत राहिली. तिनं स्वतः बांधलेल्या चाली आज मुंबई-पुण्याचे वादकही वाजवतात. इकडं लग्नाच्या बँडमधली कीबोर्डवरची पोरंसुद्धा डावा हात तिच्यासारखा चालवतात.

मी एसटीचा ड्रायव्हर. गाण्यातलं मला कळत नाही. जॅझ म्हणजे काय, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "अहो, तुमच्या गाडीसारखं. थांबे ठरलेले, मधले खड्डे रोज निराळे चुकवायचे."

माझ्या मुक्कामी गाडीवरून तिनं एक चाल बांधली, 'सोयगाव मुक्काम'. परवा तिचे दोन शिष्य त्या चालीवरून भांडत घरी आले. रविवारी हॉटेलात तिच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. तिथं ती चाल रेकॉर्ड होणार, आणि पुढं सगळे तीच खरी धरणार.

"काका, शेवट लई हळू व्हतो," सांडू म्हणाला. "मला बाईंनी तसाच शिकवला."

"तुला शिकवताना बाईंना डुलकी लागली असंल," कारभारी म्हणाला. "शेवट मधीच तुटतो."

"तुला पुढचं आठवत नाय, म्हणून तुटतो."

ज्याचा शेवट खोटा ठरेल तो रविवारी येणार नव्हता. निकाल माझ्यावर सोपवला होता.

दोघांनी तिच्या पियानोवर वाजवून दाखवलं. मला दोन्ही तिचेच वाटले. मी एवढंच विचारलं, "तुम्ही शिकायला कधी यायचात?"

सांडू दुपारी यायचा. तेव्हा मी सोयगावहून परतून आतल्या खोलीत झोपलेला असायचो. कारभारी यायचा दिवेलागणीला, ती हॉटेलात निघायच्या आधी. त्या वेळी मी अजिंठ्याच्या घाटात असायचो. फोन नव्हता. गाडी नीट पोचली की नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी मी दारात दिसल्यावरच कळायचं. मी घरात असलो की शेवट हळू व्हायचा, घाटात असलो की तुटायचा.

काळजी वाटते असं ती मला कधी म्हणाली नाही. ह्या दोघांनी दोन्ही शेवट जपले नसते तर मला ते कळलंही नसतं. त्यांचे उपकार आहेत.

मी दोघांना हे सांगितलं.

"दोन्ही वाजवा," मी म्हणालो. "आधी कारभारी. मग जरा थांबायचं. मग सांडू."

"म्हणजे मी पोचलेली गाडी," सांडू म्हणाला.

"व्हय. फक्त टायर पंक्चर," कारभारी म्हणाला.

मग मी सांडूला पुन्हा वाजवायला लावलं आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवा झालो. ती वाजवायची तेव्हा मला कधी जाग आली नव्हती. ह्या वेळी जागा राहून शेवटपर्यंत ऐकलं.