हात पिवळे

वीरेंद्र हे लिहून ठेवणारच नव्हता. चूक त्याची होती, आणि आपलीच चूक आपल्याच बोटांनी टाइप करायला कोणाला आवडतं. पण न लिहिता तो पंधरा दिवसांत सगळं विसरला असता. स्वतःला तो ओळखून आहे.

तर झालं असं. तुमसरच्या राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसून वीरेंद्र मोबाइलवर इटालियन शिकला. दोन वर्षं. नाकात भुसा, कानात इटालियन. सानगडीची हर्षा त्याची कॉलेजातली मैत्रीण. इटलीतल्या एका धान पिकवणाऱ्या कुटुंबाकडे सहा महिने शिकायला जायचं तिचं ठरत आलं होतं. तिथली मालकीण कार्लाबाई इटालियनच वाचायची, म्हणून हर्षाची पत्रं वीरेंद्र लिहायचा. बोलावण्याचं पत्र तेवढं यायचं राहिलं होतं, आणि इकडे बापानं लग्न ठरवलं.

"लिव तिले," हर्षा फोनवर म्हणाली, "बाबा माझे हात पिवळे करून राहिले, मले नाही पाहिजे. पत्र लवकर धाड म्हणा. पत्र हातात आलं तर परसराम मामा बाबासंग बोलतो म्हणते."

वीरेंद्र 'पिवळे'वर अडला. इटालियनमध्ये पिवळा म्हणजे जाल्लो, आणि खुनाच्या तपासाच्या कादंबरीलाही तिकडे जाल्लोच म्हणतात. पिवळे हात लिहिले तर बाईला वाटेल पोरीला कावीळ झाली. मग त्यानं सरळ लिहिलं: मी लग्न करते आहे, पत्र लवकर पाठवा. 'मले नाही पाहिजे' हे घरातलं, परक्या बाईला कशाला, म्हणून गाळलं. स्वच्छ वाक्य झालं. स्वतःवरच खूश झाला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. अभिनंदन, संसार सुखाचा होवो, जागा आम्ही दुसऱ्या कोणाला देऊ. खाली फुलांचं चित्र.

तो बाइक काढून सानगडीला पोचला तर हळद लागलेली. हळद लागलेल्या पोरीनं लग्नापर्यंत गावाची शीव ओलांडायची नसते. हर्षाला तर शेजारच्या घरीही जाऊ देत नव्हते. ओसरीत पाटावर बसली होती, हात कोपरापर्यंत पिवळे. आत्या केशरबाई वाटी घेऊन बाजूलाच.

"काय गा, खाली हातानं आला?"

"मिलमधून सीधा आलो, आत्या."

"दिसते ना. अर्धा भुसा संग आणला." केशरबाई पाणी आणायला आत गेली.

वीरेंद्रनं भरभर सगळं सांगून टाकलं. कार्लाबाईचं उत्तरही वाचून दाखवलं.

हर्षानं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "हे मी लावले का? मले लावून राहिले. तूनं तर मलेच राजी करून टाकलं."

बापानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. वीरेंद्रनंही नाही.

"लग्न कवा हाये?"

"मंगळवारी. आज शनिवार."

आतून पेल्याचा आवाज आला. वीरेंद्रनं मोबाइल काढला, भुशानं भरलेला पडदा शर्टाला पुसला.

"आत्ताच लिहितो, अथीच बसून. लोक तुझे हात पिवळे करून राहिले, तुले नाही पाहिजे, तूनं हो म्हटलंच नाही. आधी तुले मराठीत वाचून दाखवीन, तू मान हलवशीन तवाच धाडीन. आजपासून तुझी एकही गोष्ट मी माझ्या मनानं गाळणार नाही, हर्षा."