खसखशीएवढी अक्षरं

मी मॉनिटर बोलतोय. घाईत बोलतोय, कारण समोर एक बोट एंटरवर टेकलंय. ते दाबलं गेलं तर पुढचं बोलायला मी राहीन की नाही, देव जाणे.

नव्व्याण्णव साली मी सावेडीतल्या या घरी आलो, तेव्हाच जुना होतो. त्याआधी एका कॉम्प्युटर क्लासात पोरांची बोटं काचेवर घेऊन बसायचो. तिथून प्रवीणरावांनी मला स्कूटरवर आणलं. मागे त्यांची नवी नवरी वृषाली मला पोटाशी धरून बसली होती. खड्डा आला की दोघंही श्वास धरायचो.

प्रवीणराव नागापूरच्या कारखान्यात आहेत. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घातलं. ते आधीच विचारतं, मॉनिटर काचेवर किती ठिपके सोसेल? माझ्या पाठीवरच्या पट्टीवर सगळं लिहिलंय. पण मी भिंतीला टेकलेला, सरकवतो कोण! त्यांनी अंदाजानं मोठा आकडा ठोकला. चुकीच्या आकड्यानं मॉनिटर जळू शकतो, असा इशाराही आला होता. तो त्यांनी वाचला नाही. मी वाचला, माझ्यावरच उमटला होता ना.

अंगात बारीक शिटी वाजू लागली. अक्षरं खसखशीएवढी झाली.

"बघ, किती मावतंय!" ते खूश. "वाच की."

वृषाली काचेला नाक लावायची.

"सूनबाई, वास घेतीस का त्याचा?" सासूबाई कलाबाई हसायच्या. तीही हसायची. माझ्या काचेवरची तिची बोटं मात्र गार असायची.

आज दुपारी कलाबाई शेजारी गेल्या. वृषालीनं साड्यांच्या घडीखालून चष्मा काढला. बघायचा कार्यक्रम झाला तेव्हापासून तो असाच दडलेला. तिनं मला वळवलं, पदरानं पाठ पुसली, पट्टी वाचली आणि खरे आकडे घातले. मी काळा पडलो. आत खट्ट झालं. संपलो, म्हटलं. तीही भिंतीला टेकली. मग उजेड आला. अक्षरं तुरीच्या डाळीएवढी, शिटी बंद.

संध्याकाळी प्रवीणराव आले. "हे कुणी केलं? थांब, होतं तसं करतो."

त्यांनी जुना आकडा टाकलासुद्धा, बोट एंटरवर.

"अहो, नको. तो जळेल."

"काही जळत नाही."

"मग मला दिसत नाही, म्हणून नको." ती आत गेली आणि चष्मा लावूनच बाहेर आली.

पिठाचे हात घेऊन कलाबाई दारात. "चष्मा हाय व्हय तुला? मंग आमी बघायला आलो तवा?"

"माझ्या आईनं काढायला लावला होता."

 प्रवीणरावांचं बोट अजून तिथंच आहे.

प्रवीणराव, मला किती झेपतं ते माझ्या पाठीवर छापलंय. तिच्या पाठीवर अशी पट्टी नाही; तिनं आत्ता तोंडानं सांगितलं, तेवढंच. बोट उचला.